पाचवी ओळ

आयर्लंडमधील डंडॉक हे डब्लिन व बेलफास्ट यांच्या साधारण मध्यावरचे गाव. येथील रेल्वेचे जुने कारखाने 1958 साली बंद झाले. पुढे येथे संगणकाचे कळफलक तयार होत, तेही दिवस सरले. वडील वारल्यावर त्यांचा संगणक आम्ही ठाण्याहून या गावी आणला, त्याला कारण त्यातील ‘जिस्ट’ कार्ड.

मूळ संशोधन कानपूरच्या आय.आय.टी.त होऊन पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुढे आणलेले हे कार्ड बसविले की इंग्रजीसाठी घडविलेल्या यंत्रावर देवनागरी उमटे. निवृत्तीनंतर वडिलांनी त्यावर अलिबागकडील आमच्या घराण्याची वंशावळ आणि मेंदीच्या रात्री आमच्या घरातील बायका म्हणत ती मराठी गाणी टिपून ठेवली. कागदावर प्रत नाही. गाणाऱ्यांपैकी लोदच्या मावशी तेवढ्या आहेत, आणि त्यांनाही सारी कडवी आठवत नाहीत.

मजकूर बाहेर काढावा कसा? फ्लॉपीचे यंत्र निकामी झालेले. डिस्क इतकी जुनी की आजचे यू.एस.बी. जोडणीयंत्र तिला ओळखेना. उरला सिरियल तारेचा मार्ग. परंतु ठाण्याच्या एका पावसाळ्यात टेलिफोनच्या तारेतून वीज शिरून दोन्ही सिरियल द्वारे सांभाळणारी चिप जळाली होती. डिस्कही त्याच कार्डावर चालते, म्हणून ते काढून टाकणे शक्य नव्हते.

आम्ही दुसरे जुने सिरियल कार्ड मिळविले. ते बसविले, तरी यंत्र मुके ते मुकेच!

याचे कारण वाचकांना थोडक्यात सांगतो. अक्षर आले की कार्डाने प्रोसेसरला हाक मारावयाची, तिला इंटरप्ट म्हणतात. 1981 च्या आय.बी.एम. पी.सी.त अशा हाकांच्या आठच ओळी होत्या. 1984 च्या ए.टी.त दुसरी आठांची चिप जोडली, पण जोडणीतच एक खर्ची पडून पंधरा उरल्या. सिरियल द्वारांसाठी चौथी व तिसरी ओळ असा प्रघात. त्या बसवर एक ओळ दोघांत वाटून घेण्याची सोय नाही. एकाने दोरी खाली ताणून धरली तर दुसऱ्याने कितीही उचलली तरी घंटा वाजत नाही. आमच्या जळक्या चिपने दोन्ही ओळी धरून ठेवल्या होत्या, आणि नव्या कार्डावर नेमक्या त्याच दोन ओळींच्या खुंट्या. पत्त्यासाठी मात्र चार पर्याय! असली काटकसर करणाऱ्याला काय म्हणावे?

पाचवी ओळ आमच्या यंत्रात मोकळी होती. कार्डाच्या कडेला सोनेरी बोटांची रांग असते. मागील पट्टीकडून मोजता त्या बाजूचे पंचविसावे बोट तिसऱ्या ओळीचे, तेविसावे पाचव्या ओळीचे. स्वस्त कार्डांवर न लागणारी बोटे पुष्कळदा काढलेलीच नसतात. सुदैवाने येथे तेविसावे होते. पंचविसाव्याकडे जाणारी तांब्याची रेघ पात्याने छेदली, मीटरने ती खरोखर तुटल्याची खात्री केली, आणि केसासारखी बारीक तार खुंटीपासून तेविसाव्या बोटाच्या वरच्या अंगाला झाळली. बोटावर झाळ लागता कामा नये, नाहीतर कार्ड खाचेत नीट बसत नाही. तार हलू नये म्हणून दोन ठिकाणी गोंदाचे थेंब दिले. मग ‘कर्मिट’ या जुन्या प्रोग्रामला नवा पत्ता आणि पाच हा आकडा सांगितला.

सेकंदाला 9600 बिटांच्या गतीने दोन मेगाबाइट मजकूर यावयास पाऊण तासाहून अधिक वेळ लागला. आमच्या सौभाग्यवती तेवढा वेळ पडद्यासमोरून हलल्या नाहीत.

आलेली अक्षरे ‘इस्की’ या सांकेतिक लिपीत आहेत, जिला 1991 साली भारतीय मानकाचे रूप मिळाले. आजच्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्याच 1988 च्या आवृत्तीवरून घेतलेली असल्याने रूपांतर सोपे गेले. जोडाक्षरे मात्र एकेक तपासावी लागत आहेत. वंशावळ पुरी झाली. गाण्यांपैकी निम्मी व्हावयाची आहेत. लोदच्या मावशींनी कळविले आहे की प्रत मोठ्या अक्षरांत काढा, आणि आधी गाणी पाठवा, वंशावळ मागाहून चालेल.