बांधावरची गिरकी

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर भाताची खाचरं एकाखाली एक उतरत जातात. माती वाहून जाऊ नये म्हणून त्यांना दगडांचे बांध घातलेले असतात, कुठे गुडघ्याएवढे, कुठे कमरेएवढे. पार्कूर म्हणजे वाटेतले अडथळे धावत, उड्या मारत ओलांडण्याची कला; तिच्यातला रिव्हर्स व्हॉल्ट मी या बांधांवर शिकले.

व्हॉल्ट म्हणजे हात टेकून अडथळा ओलांडणं. रिव्हर्स व्हॉल्टमध्ये धावत येऊन दोन्ही तळवे दगडावर टेकायचे, उडी घेताघेता कंबर वळवायची, पाठ पुढे करून बांध ओलांडायचा आणि गिरकी पुरी करून तोंड पुन्हा पुढे आणत उतरायचं. पाहणाऱ्याला वाटतं, हे सगळं एका दमात झालं. शिकताना मात्र त्याचे तुकडे करावे लागतात. एक तुकडा अंगात मुरल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, एवढंच मला कळकळीने सांगायचं आहे.

शिकवणारा शेजारचाच मुलगा. तो नाशकात कामाला असतो, तिथेच मित्रांबरोबर शिकला. सुट्टीला घरी आला की आम्ही शेतावर जायचो. पावसाळ्यात बांधावर शेवाळ धरतं, म्हणून दिवाळीनंतर, भाताची झोडणी उरकल्यावर सुरुवात केली. उतरायच्या जागी पेंढा अंथरला. बांध नुसत्या दगडांच्या रचाईचा, मध्ये ना चुना ना सिमेंट. त्यामुळे प्रत्येक दगड आधी पायाने दाबून, मग हाताने हलवून, शेवटी त्यावर सगळा भार टाकून पाहायचा. डुगडुगला की जागा बदलायची.

पहिले काही दिवस बांधाकडे गेलोच नाही. सपाट खळ्यावर जागच्या जागी उडी मारून पाव वळायचं, मग अर्धं, मग पुरतं. चवड्यांवर उतरायचं, गुडघे मऊ ठेवायचे आणि उतरल्यावर एकही जादा पाऊल पडू द्यायचं नाही. त्यानंतर गुडघाभर बांध. हात टेकायचे, वळून बांधावर चक्क बसायचं आणि पाय पलीकडे फिरवायचे. सराव झाल्यावर बसणं नुसतं टेकण्यावर आलं, मग कंबर दगडाला न लागता वरून जाऊ लागली. उभ्याने जमल्यावर दोन पावलं घेऊन, मग हलकं धावून. कमरेएवढा बांध सगळ्यात शेवटी.

हातांचं काम बारीक आहे. बोटं ताठ पुढे रोखली तर वळताना मनगट पिळलं जातं. ती किंचित वळायच्या दिशेला ठेवली की तळवा अंगाबरोबर फिरतो. एक हात आधी सुटतो, दुसरा भार तोलून धरतो आणि शेवटी दगड मागे रेटतो. गुडघे पोटाशी घेतले की गिरकी वेगाने फिरते, पाय मोकळे सोडले की मंदावते. उतरण्याआधी पाय केव्हा सोडायचे, हे त्यामुळे फार महत्त्वाचं.

शाळेत मी खो-खो खेळले. खांबाला हात लावून वळायची सवय इथे कामी आली. पण पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांदे मागे वळवायचे नाहीत, हा खो-खोचा नियम, आणि तो अंगात पक्का बसलेला. बांधावर नेमके खांदेच वळवायचे होते. निम्म्या गिरकीत मी आखडून जायची, कारण त्या क्षणी डोळ्यांसमोर आपण आलो ती वाट असते आणि उतरायची जमीन पाठीमागे.

“ताई, भीती त्या अर्ध्यातच आहे, तर तेवढंच वेगळं करून बघ,” शिकवणारा म्हणाला.

मग तेवढंच केलं. उतरायच्या बाजूला पाठ करून लहान बांधावर बसायचं, तळवे कमरेशी, खांद्यावरून जमीन पाहायची, हातांनी रेटून वळत उतरायचं. पुन्हा चढून बसायचं. जमीन कुठे आहे हे मान वळायच्या आधी अंगाला कळू लागलं, तेव्हा पुरी गिरकी आपोआप सुटी झाली. शेतात राब भाजायचे दिवस आले तोवर कमरेएवढा बांध मी धावत ओलांडत होते.

पार्कूरला आकार आला तो फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या लिस गावात, डेव्हिड बेल आणि त्याच्या सोबत्यांच्या हातून. त्यामागे जॉर्ज एबेर या नौदल अधिकाऱ्याची व्यायामपद्धती आहे. 1902 साली मार्टिनिक बेटावर ज्वालामुखी फुटला, तेव्हा तो तिथे माणसं वाचवण्याच्या कामात होता. अंग कमवायचं ते इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी, अशी त्याची धारणा. आमच्या भागात ती मला फार जवळची वाटते. इथे बाई डोक्यावर हंडा घेऊन उतार चढते, मुलं ओहोळ ओलांडून शाळेत जातात. अडथळा पाहून पाय कुठे टाकायचा, हे त्यांना रोज ठरवावं लागतं.

आता पाड्यावरच्या मुली माझ्याकडे ही गिरकी शिकतात. इथून नाशिकला जायचं तरी घाट आहे, ठाण्याला जायचं तरी लांबचा पल्ला; हाड मोडणं परवडणारं नाही. म्हणून माझा नियम सोपा आहे. उतरताना पावलांचा धप्प आवाज येतो तोवर बांधाची उंची वाढवायची नाही. घाई करणाऱ्या मुलीला मी पुन्हा खळ्यावर पाव वळणाला पाठवते, आणि तिच्या शेजारी उभी राहून मीही ते करते.