स्वायत्त म्हणजे कोणाच्या अधीन?

‘स्वायत्त’ हा शब्द मोठा फसवा आहे. ‘आयत्त’ म्हणजे अधीन. जो स्वतःच्याच अधीन तो स्वायत्त. आपण मात्र तो ‘स्वतंत्र’ ह्या अर्थाने वापरतो आणि त्यातला अधीनतेचा अंश सोयीस्करपणे विसरतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फाटकांवर हल्ली हा शब्द ठळक अक्षरांत रंगविलेला दिसतो, तेव्हा माझ्या वकिली मनात पहिली शंका येते ती ही, की ह्यातला ‘स्व’ कोण?

आमच्या बेळगावात ह्या शंकेला थोडी गमतीची किनार आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले, आणि त्याचे मुख्य ठाणे आमच्याच गावी आहे. अशा विद्यापीठाच्या अंगणातच एखाद्या महाविद्यालयाने स्वायत्ततेची पाटी लावावी, म्हणजे वडिलांच्या घरातच मुलाने वेगळी चूल मांडण्यासारखे झाले! पण वेगळी चूल मांडण्याला कारण होते, हे कबूल केले पाहिजे. शेकडो महाविद्यालयांना एकच अभ्यासक्रम, एकच प्रश्नपत्रिका आणि एकच वेळापत्रक. त्यातला एखादा कालबाह्य धडा गाळायचा तर समित्यांमागून समित्या. शिकविणाऱ्याने दुसऱ्याने आखलेले शिकवावे आणि तिसऱ्याने ते तपासावे, ह्या रीतीत चांगल्या अध्यापकाचा जीव गुदमरतो. कोठारी आयोगाने (१९६४–६६) निवडक महाविद्यालयांना स्वायत्तता द्यावी अशी शिफारस केली, ती ह्याच जाणिवेतून.

स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम स्वतः ठरविते, परीक्षा स्वतः घेते, निकाल स्वतः लाविते. पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. तिच्यावर महाविद्यालयाचेही नाव येते, एवढेच. ‘ही पदवी खरी का?’ असे विचारीत जे पालक माझ्याकडे येतात, त्यांची काळजी अनाठायी आहे. काळजीची जागा दुसरीच आहे.

आपल्याच दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व आम्ही कायद्याच्या पहिल्याच वर्षी शिकतो. जुन्या व्यवस्थेत उत्तरपत्रिका तपासणारा कोण, हे मुलाला ठाऊक नसे. आणि मूल कोणाचे, हे तपासणाराला ठाऊक नसे. त्या अज्ञानात पुष्कळ न्याय होता. आता ज्या प्राध्यापकाशी वर्गात खटका उडाला, त्याच्याच हाती बहुतेक गुण असण्याचा संभव आहे. बाहेरचे परीक्षक नेमता येतात, उत्तरपत्रिकांवरची नावे झाकता येतात. चांगली महाविद्यालये तसे करतातही. परंतु ते त्यांच्या सद्बुद्धीवर अवलंबून राहते. अभ्यासमंडळावर विद्यापीठाच्या तज्ज्ञाला, उद्योगक्षेत्रातल्या प्रतिनिधीला, माजी विद्यार्थ्याला स्थान आहे. आज बाकावर बसलेल्या मुलासाठी तेथे खुर्ची नाही.

न्यायालय आहे की, असे कोणी म्हणेल. आहे. खाजगी संस्था सार्वजनिक कर्तव्य पार पाडीत असेल तर तिच्याविरुद्धही रिट चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली अहमदाबादच्या एका महाविद्यालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले. पण त्याच न्यायालयाने १९८४ साली, महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्या खटल्यात, नियमांत तरतूद नसेल तर फेरतपासणीचा हक्क मागता येत नाही असेही सांगून ठेविले आहे. म्हणजे सारे ओझे येऊन पडते ते नियमपुस्तिकेवर. आणि स्वायत्तता आली की ती पुस्तिका लिहिणारा हात महाविद्यालयाचाच असतो. फेरतपासणीचा अर्ज किती दिवसांत करावयाचा, नापास विषयाची परीक्षा पुन्हा केव्हा, किती विषय राहिले तर वर्ष थांबते, हे सारे तेथेच लिहिलेले असते. प्रवेशाच्या दिवशी पालक वसतिगृहाची खोली पाहतात, खानावळीची चव विचारतात. पुस्तिका कोणी उघडीत नाही.

गेल्या वर्षी खानापूरकडचे एक शेतकरी गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. एका विषयात मुलगा तीन गुणांनी राहिला होता, आणि त्यापायी पुढले वर्ष अडले होते. ‘वकीलसाहेब, पेपर दुसऱ्या कोणाकडून तपासून मिळेल का?’ एवढेच ते विचारीत होते. नियम काय म्हणतो असे मी विचारले, तेव्हा मुलाने मोबाइलवर पुस्तिका शोधून माझ्यापुढे धरली. तरतूद होती, अगदी स्वच्छ शब्दांत. पण मुदत सात दिवसांची होती आणि त्या दिवशी नववा दिवस होता. मुदत मोजायची कोठून, निकाल फलकावर लागला तेव्हापासून की गुणपत्रक हाती आले तेव्हापासून, ह्याबद्दल पुस्तिका गप्प होती. त्या मौनाचा आधार घेऊन मी प्राचार्यांना पत्र लिहिले. नोटीस नव्हे, साधे विनंतीपत्र. चार दिवसांनी अर्ज दाखल करून घेतल्याचे उत्तर आले. त्या मुलाचे चार गुण वाढले. पुस्तिकेतले ते कलम मात्र अजून तसेच आहे.