वरचा थर कुणाच्या डोक्यावर?

नगरपालिकेच्या अर्थसंकल्पात मजुरांच्या विम्याची तरतूद शोधायला बसलं, तर ती बहुतेक वेळा ठेकेदाराच्या निविदेत सापडते. ‘कामगारांचा विमा ठेकेदाराने उतरवावा’ एवढी अट घातली की कार्यालय निर्धास्त. धाराशिव जिल्ह्यातल्या पालिका, कारखाने आणि ठेकेदारांच्या पॉलिस्या हाताळणं हा माझा धंदा आहे, आणि मला या निर्धास्तपणाचीच धास्ती वाटते. 1923 च्या भरपाई कायद्याचं कलम 12 स्पष्ट होतं: ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, मालकाने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. ठेकेदार तोवर फोन उचलत असेल तर.

रक्कम किती होते, ते कागदावर मांडून बघा. तीस वर्षांचा माणूस कामावर दगावला आणि त्याचा पगार 15,000 धरला, तर निम्मा पगार 7,500, वयाचा गुणांक 207.98, गुणाकार 15,59,850 रुपये. बोट चेचलं, पाय मुरगळला, महिनाभर घरी बसावं लागलं, असले क्लेम वर्षातून चार-दोन येतात आणि कुठलीही पालिका ते किरकोळ खर्चातून भागवू शकते. आमच्याकडे विमा मागितला जातो तो मात्र नेमका याच खर्चासाठी. ‘दवाखान्याचं बिल मिळेल ना?’ हा पहिला प्रश्न. एका दिवसात चार माणसं गेली तर काय, हे कुणी विचारत नाही. अभद्र बोलू नये म्हणून असेल.

पण गटारात असंच घडतं. चेंबरचं झाकण उघडून पहिला उतरतो, विषारी वायूने कोसळतो. वर थांबलेल्याला तो नुसता चक्कर येऊन पडल्यासारखा दिसतो, म्हणून दुसरा धावतो, त्याच्यामागे तिसरा. सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी अशा प्रत्येक मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. तिघांचे 90 लाख. आता नवरात्र ते अश्विनी पौर्णिमा एवढ्या दिवसांत तुळजापुरात किती तात्पुरती माणसं साफसफाईला लागत असतील, याचा विचार करा. मुख्याधिकाऱ्यांनी हातातली पॉलिसी एकदा वाचावी: ती बहुधा भरपाई कायद्यापुरतीच बांधलेली असते, न्यायालयाचे हे 30 लाख त्यात बसतीलच असं नाही.

अमेरिकेतल्या अनेक शहरांनी यावर साधा व्यवहार बसवला आहे. दर अपघातामागे एका ठरावीक रकमेपर्यंतची भरपाई शहर स्वतःच्या निधीतून देतं. त्यापुढचा बोजा विमा कंपनीचा. खालचा भाग स्वतः सोसल्यामुळे हप्ता आटोक्यात राहतो आणि विकत घेतला जातो तो फक्त वरचा थर, म्हणजे जो शहराला झोपवेल तो.

आपल्याकडे पीकविम्याच्या बीड पॅटर्नमध्ये हे उलटं केलेलं दिसतं. जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांपर्यंतचं नुकसान कंपनी सोसते, त्यावरचं सरकार. राज्य सरकारला ते पेलतं. शेतकरी अपघात योजनेत तर 2023 मध्ये सरकारने कंपनीच बाजूला केली आणि मृत्यूचे दोन लाख स्वतःच अनुदान म्हणून द्यायला सुरुवात केली. राज्याची तिजोरी मोठी, तिने वरचा थर घ्यावा हे ठीक. परंड्याच्या किंवा मुरूमच्या पालिकेने मात्र नकळत तोच थर डोक्यावर घेतला आहे, आणि तिथे पाणीपट्टीची वसुली झाली तर पगार वेळेवर होतात.

शिवाय हा बोजा एका वर्षात फिटत नाही. याच जिल्ह्यातलं प्रकरण घ्या. साखर कारखान्याचा एक पहारेकरी 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. उस्मानाबादच्या न्यायालयाने 2009 मध्ये 3,26,140 रुपये आणि 12 टक्के व्याज मंजूर केलं. वाटेतला अपघात कामावरचा नव्हे, म्हणून उच्च न्यायालयाने 2011 मध्ये ते रद्द केलं. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा कायम केलं. साधं व्याज धरलं तरी एव्हाना ते साडेआठ लाखांच्या वर गेलं होतं, मुद्दलाच्या अडीचपटीहून जास्त. व्याज विमा कंपनीकडून मिळू शकतं. भरपाई थकवल्याचा दंड मात्र मालकाच्याच खिशातून, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच सांगून ठेवलं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कामावर जाता-येतानाचा अपघात कायद्यातच लिहिला गेला. जोखीम वाढली, निविदेतली ओळ तीच राहिली.

जिल्ह्यात आठ नगरपालिका, शिवाय वाशी आणि लोहारा या नगरपंचायती. एकेकटीने वरचा थर मागितला तर कंपनी दारात उभं करणार नाही. दहाही जणींनी मस्टर एकत्र करून, ठेकेदारांच्या माणसांसकट, एकच मागणी केली तर दर निघू शकतो. वांद्र्याचं राज्य विमा संचालनालय सरकारी कामांच्या पॉलिस्या देतंच. पहिली विचारणा तिथे करावी. अडचण दराची नाहीच. तीन वर्षं क्लेम आला नाही की लेखापरीक्षक शेरा मारतो, ‘हप्त्याचा खर्च निष्फळ’, आणि चौथ्या वर्षी तरतूद गळते. त्या शेऱ्याला सभागृहाने ठराव करून उत्तर द्यावं लागेल, तेही पहिला हप्ता भरण्याआधी.