आमच्या बाईंची दुसरी शाळा

बेने इस्राएल समाज आपल्या वाचकांना अगदीच अपरिचित नसावा. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले हे ज्यू लोक. बोलण्यात, वेषात आणि आडनावाच्या शेवटच्या ‘कर’मध्ये ते आपल्याहून निराळे दिसत नसत. वडोदऱ्याच्या आमच्या मराठी शाळेत गणित आणि मराठी शिकवणाऱ्या बाई याच समाजाच्या. मोठ्या सणांना त्या अहमदाबादच्या मागेन अब्राहाम सिनेगॉगमध्ये जात. एरवी आमचे ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यात त्यांचा जन्म चालला होता.

१९६३ साली बाई, त्यांचे यजमान आणि तीन मुले इस्रायलला गेली. त्यांना कोणी हाकलले नव्हते. या देशात आम्हांला धर्मापायी कोणी कधी छळले नाही, हे त्या पुढे पत्रोपत्री लिहीत. तरीही, प्रार्थनेच्या वेळी रोज ज्या दिशेला तोंड करायचे, तिकडे एकदा जाऊन राहावे, ही ओढ खरी होती.

वाट्याला आले दिमोना. नेगेवच्या वाळवंटात १९५५ साली वसवलेले गाव. पहिली वस्ती मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंची. मागाहून आपले कोकणी लोक आले आणि बरेचसे तिथल्या कापडगिरणीत लागले. बाईंचे यजमान इथे रेल्वेत कारकून होते, तिथे मागावर उभे राहिले. बाई स्वतः ‘उलपान’मध्ये, म्हणजे नवागतांना हिब्रू शिकवणाऱ्या वर्गात, चाळिशीत विद्यार्थिनी होऊन बसल्या. प्रार्थनेपुरती हिब्रू अक्षरे त्यांना येत होती, पण ती स्वरचिन्हांसह. रोजच्या हिब्रूत ती चिन्हे गाळतात. ज्या बाईंनी आम्हांला एका वेलांटीसाठी पाच पाच वेळा शब्द लिहायला लावला, त्यांना बिनवेलांटीची भाषा वाचावी लागली! लिपी उजवीकडून डावीकडे, आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. “गणिताने तेवढी ओळख ठेवली,” असे त्यांनी लिहिले होते.

त्याच सुमारास एक मोठा घाव बसला. बेने इस्राएलांनी इतर ज्यूंशी विवाह करायचा तर त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी, असा आदेश तिथल्या मुख्य धर्मपीठाने काढला होता. दोन हजार वर्षे शब्बाथ पाळल्याची परंपरा सांगणाऱ्यांना आपण ज्यू असल्याचा दाखला द्यावा लागणार होता. १९६४ साली जेरुसलेममध्ये निदर्शने झाली. अखेर त्याच वर्षी तिथल्या संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असा ठराव केला आणि धर्मपीठानेही आदेशाचे शब्द बदलले.

मला वाटते, बाईंचा पुढचा निर्णय यातून निघाला. घरात मुलांशी हिब्रूच बोलायचे, मोडके का होईना. वंशावर बोट ठेवणारे भेटतील ते भेटोत, उच्चारावर तरी कोणाला बोट ठेवता येऊ नये. मराठी शिकवण्यात ज्यांनी उमर घालवली, त्यांनी पोटच्या पोरांची मराठी आपण होऊन सोडावी, हे मला तेव्हा पटले नाही. अजूनही पुरते पटत नाही. यजमान मात्र मराठीतच बोलत राहिले. मुलांना समजे सगळे, उत्तर हिब्रूत येई.

शिक्षिकेची नोकरी मिळाली नाही. मग संध्याकाळी घरच्याच मेजावर गणिताचा वर्ग सुरू झाला. आधी आपल्या लोकांची मुले, मग शेजारच्या मोरोक्कन बाईंचीही. ती त्यांना ‘मोरा’ म्हणत. हिब्रूत शिक्षिकेला हाच शब्द. बाईंचे माहेर उरणकडचे. मोरा बंदरातून होडीत बसून त्या मुंबईस शिकायला गेल्या होत्या, त्यामुळे ही हाक त्यांना फार गोड लागे. मुलांच्या आया निरोप घेऊन येत आणि स्वयंपाकघरात रेंगाळत. त्यातून बायकांची बैठक जमली. कोणाला मुलगा झाला, कोणी सैन्यातून सुखरूप परतला, की मलिदा होई: भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वर फळे, आणि एलियाहू हन्नाबीचे स्मरण. सुरुवातीस पोह्यांची पंचाईतच होती. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाच्या पेटीत पोहे असत. नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा घोटताना एकीला हात दुखले की दुसरी पळी घेई. त्या पळीबरोबर मराठीही हातोहात फिरत होती. मुलांच्या कानांवर जी काही पडली ती तिथेच.

बाई आता नाहीत. शेवटच्या पत्रात नातीबद्दल लिहिले होते. तिला आजी, पोहे, मलिदा आणि ‘चल लवकर’ एवढेच येते, पण आजीची जुनी पत्रे आपल्याला वाचता येत नाहीत याचा तिला राग येतो. सबब एक मराठी अंकलिपी धाडावी. वडोदऱ्याच्या दुकानांत मी शोधली, मिळाली नाही. पुण्याच्या भाचीकडून दोन मागवल्या. एक दिमोनाला गेली, दुसरी माझ्या नातवासाठी ठेवली आहे.