ह्रस्व उकारापाशी

वाचनातला अडथळा आम्ही साहित्याची माणसे नेहमी अर्थाच्या पातळीवरच शोधत आलो. अर्थाआधी अक्षर असते आणि अक्षराआधी ते कोणत्या संकेताने नोंदले याचा करार असतो, हे पायथन ही संगणकाची भाषा चाळिशीत शिकू लागल्यावर आमच्या प्रत्ययास आले.

निमित्त होते जात्यावरच्या ओव्यांचे. विद्यार्थ्यांनी गावोगावी जाऊन उतरवून घेतलेल्या ओव्यांत कोणता शब्द किती वेळा येतो ते मोजावे, एवढाच हेतू. पहिली त्रुटी 'फाईल सापडली नाही' ही. प्रोग्रॅम ज्या फोल्डरातून चालतो तिथेच तो शोध घेतो. संपूर्ण पत्ता दिला की प्रश्न मिटतो. दुसरी त्रुटी मात्र थेट लिपीची निघाली.

यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. पायथन ३ च्या ३.१४ पर्यंतच्या आवृत्त्या विंडोजवर, वेगळे काही सांगितले नाही तर, फाईल यंत्राच्या संकेतसारणीने वाचू पाहतात. ही सारणी बहुधा पश्चिम युरोपीय लिपींची, १२५२ क्रमांकाची. तिच्यात पाच जागा रिकाम्या आहेत आणि ह्रस्व उकार, हलन्त, ए, झ यांचे अखेरचे बाइट नेमके त्या रिकाम्या जागी पडतात. परिणामी 'सासर' हा शब्द बारा निरर्थक चिन्हे होऊन बिनतक्रार पुढे सरकतो. 'सासुरवास' मात्र उकारापाशी अडतो. म्हणजे त्रुटी दाखवली जाते तिथे बिघाड सुरू झालेला नसतो. तो पहिल्या अक्षरापासूनच असतो. फाईल उघडण्याच्या आज्ञेत यूटीएफ-८ असा स्पष्ट उल्लेख केला की ओव्या जशाच्या तशा वाचता येतात.

असो. खरा पेच जुन्या फायलींचा. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या त्या ओव्यांत अक्षर साठवलेलेच नाही, साठवला आहे तो त्याचा आकार; पहिली वेलांटी तर व्यंजनाच्या आधी बसलेली. यूटीएफ-८ म्हणून उघडल्यास प्रोग्रॅम थांबतो. त्यावर 'त्रुटी दुर्लक्षा' असा एक पर्याय पायथन देऊ करतो. तो स्वीकारला की तक्रार थांबते, कारण न कळलेले बाइट निमूटपणे गाळले जातात. उरलेल्या भग्नावशेषांची मोजणी मग अगदी सुरळीत होते, कोष्टकही सुबक निघते.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा मोह परका नाही. दुर्बोध पाठ गाळून संहिता गुळगुळीत करणारे लेखनिक आपण हस्तलिखितांत पाहिलेच आहेत. या ओव्या गाणाऱ्या कित्येक जणी आज हयात नाहीत; पुन्हा विचारायला जाता येणार नाही. म्हणून मूळ फाईल अबाधित ठेवावी, त्या फॉन्टाची आकार-अक्षर सारणी मिळवून तिच्या प्रतीचे रूपांतर करावे आणि ते छापील प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहावे. हे काम संथ आहे. तोवर प्रोग्रॅमने त्रुटी दाखवत राहावे, हेच आम्हाला श्रेयस्कर वाटते.