शिकागोच्या दोन वस्त्या आणि माझं मत

हवामानबदल हा भौतिकशास्त्राचा विषय आहे, समाजशास्त्राने त्यात लुडबुड करू नये, असं माझं पक्कं मत होतं. हयात विज्ञान शिकवण्यात गेली. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, त्याला जात-वर्ग काय ठाऊक? परिसंवादात 'सामाजिक परिमाण' हे शब्द आले की मी चहाला उठायचो.

हे मत ढिलं केलं एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाच्या पुस्तकाने. जुलै १९९५मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या तिथल्या शेजारच्या वस्त्या. ऊन तेच, गरिबी जवळपास तीच, एकटे राहणारे म्हातारे दोन्हीकडे. तरी नॉर्थमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे दहापट! तिथले उद्योग गेले, दुकानं उठली, रस्ते ओस पडले. गुन्हेगारीच्या धास्तीने म्हातारी माणसं दारं-खिडक्या लावून बसली. साउथमध्ये रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं निर्धास्त बाहेर पडत होती. माझ्या तापमापीला हा फरक कधीच दिसला नसता.

मग बीडकडे बघायची नजर बदलली. पावसाचे आकडे मला पाठच होते. पण पाऊस हुकला की मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोने मिळून एक कोयता म्हणून ऊसतोडीला जायचं, जोडी लागते म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकायचं, हे त्या आकड्यांत कुठे होतं? पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही म्हणून बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याची ओरड झाली आणि २०१९मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. दुष्काळ घरात शिरतो तो असा. उद्या पाऊस आणखी लहरी झाला, तर ही साखळी कुठे तोडायची ते ढगांच्या अभ्यासातून कळणार नाही.

समाजशास्त्रज्ञांची बोजड भाषा मात्र मला अजूनही सोसत नाही. सगळं खापर 'व्यवस्थे'वर फोडून मोजमाप टाळणारेही भेटतात. क्लायनेनबर्ग मोजतो, म्हणून तो मला पटला.

अहमदाबादने २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला; आता आपल्याकडेही असे आराखडे होतात. तुमच्या शहराचा मागवून वाचा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, पत्र्याच्या खोल्यांतल्या भाडेकरूंची यादी कोणाकडे आहे, ते विचारा. नसेल, तर जवळच्या कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या मुलांना कामाला लावा. हे काम वेधशाळेचं नाही.