गरम पाण्यातली चावडी

आइसलँडमधल्या रेक्याविकची चावडी पाण्यात भरते. वरून बर्फ भुरभुरत असतो आणि भूगर्भाच्या उष्णतेनं तापलेल्या, चाळीसेक अंशांच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून सातआठ जण सरकारचा, मासळीचा आणि हवामानाचा निकाल लावत असतात. कुंडात उतरण्याआधी साबण लावून, अंगावर काहीही न ठेवता आंघोळ करायची. कुठले अवयव नीट घासायचे, त्याचं चित्रच भिंतीवर. सख्ख्या भावासमोरही टॉवेल गुंडाळून कपडे बदलणारा मी! पण पाण्यात बसल्यावर मंत्री कोण आणि खलाशी कोण, हे ओळखायला खूणच उरत नाही.

आइसलँडची वस्ती चार लाखांच्या आसपास. बहुतेकांना आडनाव नाही. बापाचं किंवा आईचं नाव लावायचं, झालं. राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्याच नावानं हाक मारतात. आपणही बापाचं नाव लावतो. पण त्यापुढच्या आडनावाशी समोरचा क्षणभर थबकतो आणि मनातल्या मनात जात लावून मोकळा होतो. इथं तो रकानाच रिकामा. हॉटेलच्या ज्या किचनमध्ये मी राबतो, तिथला मुख्य आचारी रात्री स्वतः फरशी पुसतो. मी ‘सर’ म्हटलं की मागं वळून बघतो, कोण आलं म्हणून.

ही बरोबरी आपोआप आलेली नाही. २४ ऑक्टोबर १९७५ला इथल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी नोकरी आणि घरकाम, दोन्ही बंद ठेवलं. बाप्ये पोरं घेऊन कचेरीत गेले. पाच वर्षांनी विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. पगाराचंही तसंच. किमान वेतनाचा कायदा आजही नाही. कामगार संघटनांनी भांडून केलेले करारच माझ्यासारख्या उपऱ्यालाही लागू होतात.

तरीही उपरा तो उपराच. हॉटेलं आणि मासळीचे कारखाने आम्हा बाहेरच्यांच्या, त्यातही पोलंडवाल्यांच्या जिवावर चालतात. पण इथल्यांची सोयरीक आपसात. कोण कुणाचा कितवा चुलतभाऊ, हे सांगणारं वंशावळीचं संकेतस्थळसुद्धा आहे. मी कुंडात उतरलो की मंडळी सौजन्यानं इंग्रजीवर येतात, आणि रंगलेली कुचाळकी तिथंच विझते. हवामान तेवढं उरतं. पगारात, रांगेत, दवाखान्यात मला कुणी कमी लेखलेलं नाही. घरी जेवायला मात्र अजून कुणी बोलावलेलं नाही.

सध्या आठवड्यातून दोन संध्याकाळी मी आइसलँडिकच्या वर्गाला जातो. फीचा बराचसा भाग संघटना परत देते.